रॉकर बदलल्यावर पुशरॉड का झिजतात? आधी पट्टा मोजा

प्रश्न थोडक्यात असा. टेक्सासमध्ये राहणाऱ्या एका मराठी तरुणाकडे १९९७ ची शेवरोले सी-१५०० पिकअप आहे, ५.७ लिटरच्या व्होर्टेक व्ही-८ इंजिनची. त्याने मूळचे पत्र्याचे, १.५ रेशोचे रॉकर काढून बाजारातले ॲल्युमिनियमचे १.६ रेशोचे रोलर रॉकर बसवले. (रॉकर म्हणजे व्हॉल्व्ह दाबून उघडणारी छोटी तरफ, पुशरॉड म्हणजे तिला खालून ढकलणारा दांडा, आणि पुशरॉडच्या हालचालीच्या जितके पट व्हॉल्व्ह उघडतो तो रेशो.) गाईड प्लेट, म्हणजे पुशरॉडला सरळ रेषेत धरणारे पत्रे, त्याने लावलेल्या नाहीत. बाराशे मैलांतच टिकटिक सुरू झाली. कव्हर काढून पाहिलं तर सोळापैकी पाच पुशरॉडच्या अंगावर एकाच बाजूला नऊ-दहा मिलिमीटरचा चकचकीत पट्टा उमटलाय आणि त्यावर नख अडकतं. त्या पाचांतल्या दोघांचं वरचं टोक राखाडी, खरबरीत झालंय. त्याचं विचारणं असं: "दादा, मूळचे पुशरॉडच मऊ होते का? हार्ड केलेला नवा सेट टाकला की काम भागेल ना?"

भागणार नाही. नवा सेट टाकलात तर आवाज काही दिवस जाईल आणि झीज पुशरॉडवरून उठून दुसरीकडे जाईल, बहुधा हेडवर, म्हणजे व्हॉल्व्ह ज्यात बसतात त्या सिलिंडरवरच्या भागावर. पुशरॉड शंभर-दीडशे डॉलरमध्ये मिळतात, हेड त्या भावात मिळत नाही. म्हणून जुने पुशरॉड फेकू नका, पुसूही नका. पुठ्ठ्याला सोळा भोकं पाडा, कुठल्या सिलिंडरचा, इनलेटचा की एक्झॉस्टचा ते लिहा, आणि वरचं टोक वरच ठेवून त्यात खोचून ठेवा. ड्रायव्हरच्या बाजूला १, ३, ५, ७ आणि पलीकडे २, ४, ६, ८. हे आधीच केलं नसेल आणि सगळे एका डब्यात पडले असतील, तर अर्धा पुरावा गेलाच म्हणायचा. तरी उरलेल्या अर्ध्यावर काम होतं.

आता तो पट्टा. स्केल घेऊन त्याची लांबी नीट मोजा, डोळ्यांनी अंदाज नको. तुमच्या इंजिनाच्या मूळ कॅमवर (पुशरॉडना खालून उचलणारा फिरता दांडा, त्यावरचे उंचवटे म्हणजे लोब) एक्झॉस्ट व्हॉल्व्हची उचल ०.४२८ इंच आहे, तीही १.५ च्या रॉकरने. म्हणजे कॅमच्या लोबची स्वतःची उचल ०.४२८ भागिले १.५, साधारण ०.२८५ इंच, सव्वासात मिलिमीटर. रॉकर कुठलाही लावा, पुशरॉड वरखाली तेवढाच हलतो, कारण तो कॅमच्या बाजूला आहे. मग अंगावरचा पट्टा सव्वासातपेक्षा जेवढा जास्त लांब, तेवढी समोर घासणाऱ्या वस्तूची जाडी. तुमचा पट्टा नऊ-दहाचा आहे, म्हणजे समोर दोन-तीन मिलिमीटरची कड आहे. हेडमधल्या भोकाची पूर्ण भिंत घासत असती तर पट्टा याहून बराच लांब आला असता. म्हणजे एक तर गाईड प्लेट, नाहीतर भोकाचा काठ. गाईड प्लेट तुम्ही लावलेल्या नाहीत असं तुम्हीच लिहिलंय. उरला भोकाचा काठ. टॉर्च लावून त्या पाच भोकांत बघा. पुशरॉडवरच्या पट्ट्यासमोर भोकाच्या काठाला तसाच चकचकीत डाग असणार.

एक गोष्ट लक्षात घ्या, नुसती चमक म्हणजे झीज नव्हे. पृष्ठभाग पॉलिश झाला, नख सरळ सरकलं, तर ती फक्त स्पर्शाची खूण आहे. नख अडकलं की मायक्रोमीटर काढायचा. मूळचा पुशरॉड ५/१६ इंचाचा, आपल्या फिटरच्या भाषेत अडीच सूत, म्हणजे ०.३१२५ इंच. पट्ट्यावर आडवं मोजा, मग तिथून इंचभर खाली. दोन थाऊपेक्षा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जास्त फरक दिसला तर तो पुशरॉड परत इंजिनात जाणार नाही, हा माझा नियम. कुणी याहून सैल सोडत असेल, मी सोडत नाही.

पट्टा एकाच बाजूला आहे यालाही अर्थ आहे. निरोगी इंजिनात पुशरॉड चालता चालता थोडा थोडा फिरत राहतो आणि खूण सगळीकडे सारखी पसरते. एकाच अंगाला झीज म्हणजे तो दाबून धरला गेलाय, त्याला फिरायला मोकळीक नाही.

कोण दाबतंय? इथे तुमच्या हेडचा स्वभाव समजून घ्यावा लागेल. जुन्या स्मॉल-ब्लॉक शेवरोलेत, म्हणजे १९५५ पासून पुढची तीसेक वर्षं, रॉकरला सरळ ठेवायचं काम हेडमधल्या पुशरॉडच्या अरुंद खोबणीकडे होतं. रॉकर एका स्टडवर, म्हणजे हेडमधून वर आलेल्या आट्यांच्या खुंटीवर बसतो, त्याला डावीउजवीकडे वळायला कुणी अडवत नाही. पुशरॉड खोबणीत सरळ राहिला की रॉकरही सरळ राहायचा. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ही व्यवस्था बदलली. रॉकरच्या नाकाला, म्हणजे व्हॉल्व्हकडच्या टोकाला, दोन्ही बाजूंनी छोट्या कडा आल्या, त्या व्हॉल्व्हच्या टोकाला दोन्हीकडून धरून ठेवतात, आणि हेडमधली भोकं मोकळी झाली. त्याला सेल्फ-अलाइनिंग रॉकर म्हणतात. तुमचं १९९६ नंतरचं व्होर्टेक हेड याच जातीचं. त्याच्या भोकात पुशरॉडला आधार नाही, कारण तिथे आधाराची गरजच ठेवलेली नाही.

आणि ऑनलाइन "स्मॉल-ब्लॉक शेवीसाठी" म्हणून जे ॲल्युमिनियमचे रोलर रॉकर सगळ्यात स्वस्त मिळतात, त्यांतले बरेच बिनकडांचे असतात, गाईड प्लेट असलेल्या हेडसाठी बनवलेले. माझा पहिला संशय तिथेच आहे. बिनकडांचा रॉकर, मोकळं भोक, गाईड प्लेट नाही, म्हणजे रॉकरला सरळ धरणारं इंजिनात काहीच उरलं नाही. तो चालता चालता स्टडभोवती किंचित वळतो, नाक व्हॉल्व्हच्या टोकावरून एका बाजूला सरकतं आणि दुसऱ्या टोकाला पुशरॉड तिरका होऊन भोकाच्या काठाला टेकतो. सोळाच्या सोळा वळत नाहीत, काही वळतात, म्हणून पाचच.

हे पडताळायला पाच मिनिटं लागतात. एक रॉकर काढून उलटा धरा. रोलरच्या दोन्ही बाजूंना खाली उतरलेल्या कडा आहेत का? नसतील तर पुढचं सगळं निदान तिथेच निम्मं झालं. मग बसवलेल्या रॉकरकडे वरून पाहा: रोलर व्हॉल्व्हच्या टोकाच्या मध्यावर आहे की एका काठाकडे? पट्टा पडलेल्या पाचांचे रोलर काठाकडे आणि बाकी अकरांचे मध्यावर दिसले, तर आणखी पुरावा नको.

याच्या उलटी चूकही होते, आणि ती मी स्वतः केली आहे. अमेरिकेत आल्यावरच्या पहिल्या वर्षातली गोष्ट. एका गिऱ्हाइकाच्या इंजिनात गाईड प्लेट होत्या आणि मी वर कडा असलेले सेल्फ-अलाइनिंग रॉकर चढवले. दुहेरी आधार, आणखी चांगलं, असा माझा हिशेब. पण एक रॉकर दोन मालकांचं कसं ऐकणार? प्लेट पुशरॉडला एका रेषेत धरते, कडा नाकाला दुसऱ्या रेषेत, आणि त्या दोन रेषा कधीच तंतोतंत जुळत नाहीत. मी पुशरॉडला दोष देत दोन सेट बदलले. तिसऱ्या वेळी दुकानातल्या म्हाताऱ्या मशिनिस्टने झिजलेली गाईड प्लेट माझ्या हातात ठेवली आणि काही न बोलता चहाला निघून गेला. तेव्हापासून नियम एकच: रॉकर सरळ ठेवणारी व्यवस्था एका इंजिनात एकच असावी. खोबण, प्लेट किंवा कडा, यांतली कुठली तरी एक.

तुमच्या रॉकरला कडा आहेत असं दिसलं, तर मग १.६ रेशोकडे वळायचं. व्हॉल्व्ह आणि स्टड यांच्यातलं अंतर हेडमध्ये ठरलेलं आहे, ते बदलत नाही. रेशो वाढवायचा तर पुशरॉडची वाटी स्टडच्या जवळ आणावी लागते. म्हणजे १.६ च्या रॉकरखाली पुशरॉडचं वरचं टोक आत, स्टडकडे झुकतं, आणि भोकाचा स्टडकडचा काठ गाठतं. म्हणून पट्टा पुशरॉडच्या कुठल्या अंगाला आहे ते बघा. स्टडच्या दिशेला असेल तर दोष रेशोचा. आडव्या दिशेला, म्हणजे शेजारच्या सिलिंडरच्या बाजूला असेल तर रॉकर वळलेला. तपासणी साधी आहे. साधारण एक मिलिमीटरची तार, टेबलावरची पेपरक्लिप सरळ करून चालते. इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवायचं आणि व्हॉल्व्ह बंद असताना, अर्धा उघडताना, पूर्ण उघडताना पुशरॉड आणि भोक यांच्यात ती तार सगळीकडून जाते का बघायचं. अडकली तिथे काठ घासणार. भोक मोठं करायला गाईडसकट ड्रिल मिळतं, पण हेड इंजिनावर असताना ते काम करायचं असेल तर आधी लिफ्टरच्या (कॅम आणि पुशरॉड यांच्यामधला तुकडा) खोलगट जागेत चिंध्या गच्च भरा. बिडाचा बुरा तेलात गेला तर पुशरॉडची झीज आठवणारही नाही, बेअरिंगचीच आठवण राहील.

रेशोचा भारही वाढतो हे विसरलं जातं. स्प्रिंग तीच धरली तरी पुशरॉडवरचा जोर १.६ भागिले १.५, म्हणजे जवळपास पावणेसात टक्क्यांनी चढतो. वर उचल वाढल्यामुळे स्प्रिंग अजून दबते ती वेगळीच. तुमची एक्झॉस्टची उचल ०.४२८ वरून ०.४५७ च्या आसपास जाते. मूळच्या व्होर्टेक हेडमध्ये व्हॉल्व्हच्या वरची टोपी ०.४६० ते ०.४७० इंचाच्या पुढे गाईडच्या सीलला टेकायला लागते. म्हणजे तुम्ही काठावर आहात, पडलेला नाहीत. मूळ कॅम असेल तर. आधीच्या मालकाने कॅम बदलला असेल तर हे गणित सगळं रद्द, आणि मग पुशरॉड वाकलेले सापडू शकतात. वाकलेत का ते बघायला घरातली आरशाची काच पुरते: पुशरॉड काचेवर लोळवा, खाली उजेड लुकलुकला तर वाकलाय.

आता ती दोन राखाडी टोकं. हा आजार वेगळा आहे आणि मला अंगावरच्या पट्ट्यापेक्षा याची काळजी जास्त वाटते. पुशरॉडचं वरचं टोक म्हणजे गोळा, रॉकरमध्ये वाटी. तेल लिफ्टरमधून पोकळ पुशरॉडच्या आतून वर येतं आणि गोळ्याच्या भोकातून वाटीत उतरतं. टोक राखाडी, खरबरीत म्हणजे धातूवर धातू चाललाय. निळसर झालं असेल तर तापलंही आहे. कारणं तीन, आणि मी याच क्रमाने बघतो. पहिलं, तेल येतंय का: पुशरॉडमध्ये कार्ब क्लीनर मारा, दुसऱ्या टोकाने धार सरळ यायला हवी. दुसरं, वाटीचा आकार गोळ्याशी जुळतो का: वाटीला निळी शाई लावून गोळा टेकवून फिरवा. खूण मध्यावर रुंद गोल आली तर ठीक, फक्त काठावर बारीक कडं आलं तर गोळा वाटीत बसतच नाही. स्वस्त रॉकरमध्ये वाटीचं मशिनिंग खरबरीत असलेलं मी पाहिलंय, करंगळीच्या टोकाला जाणवतं. तिसरं, पहिल्या स्टार्टच्या वेळी तिथे काही वंगण होतं का. नवे रॉकर कोरडे बसवून चावी फिरवली तर तेल वर पोचेपर्यंतचे ते काही सेकंदच गोळ्याला पुरतात. ३,००० आरपीएमला एकेक पुशरॉड सेकंदाला पंचवीस वेळा वरखाली होतो, हे डोक्यात ठेवा. खरबरीत झालेला गोळा आणि त्याची वाटी, दोन्ही बदलायची. नव्या गोळ्याला जुनी वाटी दिलीत तर महिन्याभरात परत इथेच भेटू.

सेटिंगबद्दल थोडं सविस्तर, कारण आपल्याकडून शिकून आलेल्या मेकॅनिकची एक जुनी सवय इथे घात करते. माझी सुरुवात कोल्हापूरच्या उद्यमनगरात बुलेटच्या कामावर झाली. जुन्या बिडाच्या बुलेटमध्ये टॅपेट कसा लावायचा? इंजिन थंड, पुशरॉड बोटांनी सहज फिरायला हवा आणि वरखाली अजिबात खेळायला नको. अंगठा आणि तर्जनी, बस. ती सवय हातात भिनते. तुमच्या शेवरोलेत हायड्रॉलिक लिफ्टर आहेत. त्यांच्यातली आतली स्प्रिंग इतकी मऊ असते की खेळ संपल्यावर, अगदी लिफ्टर दबायला लागल्यावरही पुशरॉड बोटांत फिरतच राहतो. "अजून फिरतोय, अजून थोडा घट्ट करू" करत माणूस लिफ्टर पार तळाला नेतो. मग व्हॉल्व्ह नीट बसत नाही, मिस येतो, आणि वरच्या गोळ्यावर नाहक भार राहतो. म्हणून इथे फिरवून नव्हे, वरखाली हलवून बघा. खेळ संपला तो शून्य. तिथून अर्धा फेरा. तुमचा स्टड ३/८ इंचाचा, इंचाला चोवीस आटे, म्हणजे अर्ध्या फेऱ्यात नट एकवीस थाऊ खाली येतो. पण पुशरॉडचं टोक तेवढंच खाली जात नाही. रॉकर व्हॉल्व्हच्या टोकावर टेकून कलतो, म्हणून १.६ च्या रॉकरला पुशरॉड सुमारे चौतीस थाऊ दबतो. एवढं बास आहे. पूर्ण फेरा देणारे आहेत, चालतंही. मी अर्ध्यावर थांबतो. कुठला व्हॉल्व्ह कधी लावायचा तर एक्झॉस्ट उघडायला लागला की त्याच सिलिंडरचा इनलेट लावा, इनलेट जवळजवळ बंद होत आला की एक्झॉस्ट लावा. आणि पॉलीलॉकचा, म्हणजे आतून स्क्रूने लॉक होणाऱ्या रॉकरच्या नटाचा, आतला स्क्रू घट्ट केल्यावर नट थोडा पुढे सरकवून तिथेच लॉक करा, नाहीतर तो हळूहळू सुटतो आणि टिकटिक परत येते.

पुशरॉडच्या लांबीबद्दल लोक फार बोलतात. रोलरने व्हॉल्व्हच्या टोकावर उमटवलेली पट्टी एका काठाकडे गेली तर पुशरॉड लांब, दुसरीकडे गेली तर आखूड, अशी सूत्रं पाठ केलेली असतात. माझा त्यांवर विश्वास नाही. मी पट्टीची रुंदी बघतो. व्हॉल्व्हच्या टोकाला मार्करने काळं करा, दोन फेरे फिरवा, रॉकर काढा. पट्टी अरुंद हवी, दोन मिलिमीटरच्या आत आली तर उत्तम. लांबी कमी-जास्त करता येणारा तपासणीचा पुशरॉड मिळतो, त्याने पट्टी सगळ्यात अरुंद कुठे येते ते शोधा. ती लांबी बरोबर. मधोमध नसली तरी चालेल, टोकाच्या काठापासून दूर असली की पुरे. फक्त हे करताना त्या व्हॉल्व्हवर हलकी तपासणीची स्प्रिंग लावा, नाहीतर हायड्रॉलिक लिफ्टर दबून सगळं माप खोटं येईल.

हार्ड पुशरॉड घ्यायचे का? गाईड प्लेट लावणार असाल तरच ते अटळ आहेत, मूळचे पुशरॉड प्लेटवर घासायला बनवलेले नसतात. आणि प्लेट लावायची तर तुमच्या हेडमधले ठोकून बसवलेले स्टड काढून आटे पाडून स्क्रूचे स्टड घालावे लागतील, म्हणजे हेड मशीन शॉपला. पुशरॉड खरंच हार्ड आहे का ते कानस सांगते: जुन्या टाकाऊ पुशरॉडच्या अंगावर बारीक कानस फिरवा, चावली तर मऊ, काचेवरून सरकल्यासारखी गेली तर पाणी दिलेला.

एक पळवाटही तपासा, टिकटिक पुशरॉडची नसूही शकते. मध्यावर बोल्ट असलेल्या तुमच्या कव्हरमध्ये आत तेल टपकवायचे पत्रे असतात आणि रोलर रॉकर अंगाने जाड. कव्हरच्या आतल्या बाजूला ॲल्युमिनियमच्या चकचकीत ओरखड्यांचे डाग दिसले तर आवाजाचा बराचसा हिशेब तिथेच मिटला. या पिकअपमध्ये एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे बोल्ट तुटतात, हाही नेहमीचाच प्रकार. ती टिकटिक थंड असताना मोठी आणि इंजिन तापलं की कमी होते.

माझा सल्ला विचाराल तर: कडा नसतील तर ते रॉकर परत करा किंवा विकून टाका. कडा असलेले, व्होर्टेकसाठीचे १.५ चे घ्या. मूळ कॅमवर, रोज चालणाऱ्या पिकअपला १.६ ने जे मिळतं ते भोकं मोठी करण्याच्या, सीलच्या काठावर चालण्याच्या लायकीचं नाही. पाच पट्टेवाले पुशरॉड बदला, बाकी अकरा मायक्रोमीटरने पास झाले तर ठेवा. बसवताना प्रत्येक टोकाला असेंब्ली ल्यूब, आणि स्टार्ट करण्याआधी डिस्ट्रिब्युटर काढून ड्रिलने ऑइल पंप फिरवा, मधेमधे क्रँक थोडी थोडी वळवत. सोळाच्या सोळा पुशरॉडमधून तेल वर आलेलं डोळ्यांनी दिसल्याशिवाय कव्हर लावू नका.

तेल बदलताना जुना फिल्टर कापा, कागद पिळून त्यावर लोहचुंबक फिरवा. चुंबकाला चिकटणारी काळी पूड म्हणजे बीड किंवा पोलाद, हेडची, पुशरॉडची किंवा रोलरची असू शकते. न चिकटणारी चकचकीत पूड रॉकरच्या अंगाची असेल, बेअरिंगचीही असू शकते. केसासारख्या बारीक सुया सापडल्या तर इंजिन अजिबात सुरू करू नका, त्या बहुधा रॉकरच्या आतल्या बेअरिंगच्या आहेत. त्यांचा फोटो आणि एक उलटा धरलेला रॉकर, दोन्ही पाठवा.